किल मोजू नकोस गं, मने

मने, तुझा स्क्रीनशॉट बघितला. टीममध्ये सगळ्यांत जास्त किल तुझे, तरी मॅच हरलेली, आणि खाली तुझं वाक्य, ‘ताई, बाकीचे चौघं नुसते फिरतात गं!’ बरं. आता त्याच स्क्रीनशॉटमध्ये तू स्वतः किती वेळा पडलीस तो आकडा वाच. वाचलास? मग आता चहा घे आणि नीट ऐक. हे मी टीमच्या ग्रुपवर बोलणार नाही, तुझ्या-माझ्यातच ठेवते.

स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्समध्ये मोटिव्ह स्टुडिओवाल्यांनी दोन प्रकारच्या लढाया ठेवल्या. दोन्हींत पाच विरुद्ध पाच. डॉगफाइटचा हिशोब सरळ आहे, जी टीम आधी तीस किल करेल ती जिंकली. तू सुरुवातीला तेच खेळलीस आणि तुझ्या हाताला तीच सवय लागली. फ्लीट बॅटलचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. तिथे आधी मधल्या मोकळ्या जागेत झुंज, मग समोरच्यांची दोन मध्यम जहाजं फोडायची, मग त्यांचं फ्लॅगशिप. आणि पुढे कोण सरकणार, मागे कोण हटणार हे ठरवते ती मोरालची पट्टी. तुम्ही त्यांचं यान पाडलं की ती तुमच्या बाजूने भरते, तुमच्यातलं कुणी पडलं की त्यांच्या बाजूने. भरली की हल्ल्याची पाळी तुमची. फिरली की हातातलं काम सोडून धावत मागे यायचं आणि आपलं जहाज राखायचं.

म्हणजे तू एक यान पाडलंस आणि लगेच स्वतः पडलीस, तर टीमला मिळालं काय? आणि पडल्यावर परत यान घेऊन लढाईपर्यंत पोचेस्तोवर तुमची टीम चौघांचीच असते, हे वेगळंच. आपल्या गल्लीतली कबड्डी आठव. रेडर आत गेला, दोघांना हात लावला, पण मध्यरेषेपर्यंत परत आलाच नाही, तर ते दोन्ही स्पर्श वाया आणि वर गुण समोरच्यांना. तुझं सध्या हेच चाललंय. हात तुझा चांगला पोचतो, त्यात मला शंका नाही. परत यायचं मात्र तुझ्या डोक्यातच नसतं.

त्यामुळे पुढचे काही दिवस एकच गोष्ट बघ, मी कधी निघायला हवं होतं? पडलीस की ‘कुणी मारलं’ हे नावासकट बघतेस तू, आणि मग सूड घ्यायला त्याच्याच मागे लागतेस. तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा बिचारा निमित्तमात्र असतो. खरं चुकलेलं असतं त्याच्या आधी. शील्ड गेलेलं असताना तू अजून एका यानाच्या मागे वळलेली असतेस, किंवा बूस्ट संपलेला असताना भर मैदानात उभी असतेस. पळून जायला पुरेल एवढा बूस्ट शिल्लक ठेवूनच आत शिरायचं. तो संपत आला की समोर कितीही गोड शिकार असू दे, वळायचं आणि आपल्या फ्लॅगशिपकडे यायचं. तिथे यान दुरुस्त होतं, क्षेपणास्त्रं पुन्हा भरून मिळतात. ही सोय फुकट आहे गं, आणि नवशिके ती वापरतच नाहीत. त्यांना परत जाणं म्हणजे भित्रेपणा वाटतो.

दुसरं एक, यातही तुझा अहंकार आड येतो म्हणून सांगते. एआयची छोटी लढाऊ यानं पाडायला तुला कमीपणा वाटतो. ‘ती काय, कुणीही पाडेल.’ अगं, म्हणूनच पाडायची! ती पाडूनही मोराल वाढतं आणि ती माणसांसारखी हुलकावणी देत नाहीत. पाडण्यासारखी शिकार समोर असताना तू नकाशाच्या दुसऱ्या टोकाला कुण्या पट्टीच्या पायलटाच्या मागे धावतेस, आणि तो तुला मुद्दामच लांब नेत असतो. मैदानात समोरच्यांच्या एआय कॉर्व्हेट आल्या, सीआर९० असोत किंवा रेडर, तर त्याही विसरू नकोस. त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं की त्या शांतपणे आपल्या जहाजांना सोलत बसतात.

आता पॉवर. मने, इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते या खेळातला नवखा आणि जुना यांच्यातला खरा फरक नेमबाजीत नाहीये, इथे आहे.

इंजिन, लेझर, शील्ड, तीन कप्पे. यानाची ऊर्जा तेवढीच राहते, एकात ओतली की दुसऱ्यातून कमी होते. इंजिन पूर्ण भरलं की वेग वाढतो, यान चपळ वळतं आणि वर बूस्ट साठायला लागतो. लेझर पूर्ण भरलं की ते लवकर चार्ज होतं, आणि आणखी भरत राहिलं की ओव्हरचार्ज होऊन प्रत्येक फटका जास्त लागतो. शील्डचंही तसंच, भरल्यावर वर आणखी एक थर चढतो. तू काय करतेस? सगळं समान ठेवतेस, कारण ते सुरक्षित वाटतं. पण समान ठेवलं तर यातलं वरचं काहीच मिळत नाही, ना बूस्ट साठत, ना ओव्हरचार्ज. जुने खेळाडू एका मिनिटात कितीतरी वेळा ऊर्जा इकडून तिकडे फिरवतात. लढाईकडे जाताना सगळी इंजिनात. पोचायच्या जरा आधी लेझरमध्ये. मारा झाला, निघायचंय, पुन्हा इंजिनात. मागून मार बसतोय आणि पळायला वाव नाही, तर शील्डमध्ये, आणि शील्डचा रोख मागे. हो, शील्ड पुढे किंवा मागे एकवटता येतं हे तुला माहीत आहे, पण मी तुला ते करताना एकदाही पाहिलेलं नाही. फ्लॅगशिपवर चालून जाताना पुढे, वळलीस की मागे. वळताच मागे. हे अंगात मुरलं पाहिजे.

साम्राज्याच्या बाजूने खेळतेस तेव्हा टाय फायटर, बॉम्बर आणि इंटरसेप्टर यांना शील्डच नाही. त्याबद्दल तू तक्रार करतेस, पण त्या बदल्यात त्यांना जे दिलंय ते तू वापरत नाहीस. त्यांना ऊर्जा झटक्यात बदलता येते. साठवलेला बूस्ट क्षणात लेझरमध्ये, लेझरचा चार्ज क्षणात इंजिनात. रिकाम्या बंदुकीने कोपऱ्यात सापडल्यावर हीच सोय जीव वाचवते. टाय रीपरला आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या टाय डिफेंडरला शील्ड आहे, पण मने, डिफेंडर आत्ताच घेऊ नकोस. ते यान तुझी प्रत्येक चूक पोटात घालतं, मग शिकणार कधी?

हे सगळं मॅचमध्ये शिकायला जाऊ नकोस. प्रॅक्टिस मोड उघड, मारामारीचा विचार सोड, आणि नुसतं उड. सरळ जाताना इंजिन, वळणावर लेझर, परत इंजिन. पट्ट्यांकडे न बघता आवाजावरून आणि अंगठ्यावरून कळायला लागलं की बास. कंटाळवाणं आहे. असतंच. तू तबल्याच्या क्लासला कायदा घोटायचीस तेव्हाही कंटाळायचीस, पण हात तयार झाला तो त्यातूनच.

थ्रॉटलचं एक सांगते आणि पुढे जाते. पूर्ण वेगात यान नीट वळत नाही, अर्ध्या वेगाला सगळ्यात चांगलं वळतं. थ्रॉटल सतत टोकाला दाबून ठेवायची सवय मोड. आणि बूस्ट करताना ड्रिफ्ट शिक, म्हणजे यान जात होतं त्याच दिशेने सरकत राहतं आणि तोंड मात्र तू हवं तिकडे फिरवतेस. मागे लागलेला तुझ्यापुढे निघून जातो. मोठ्या खेळाडूंची ती बूस्ट थांबवत-थांबवत वेडीवाकडी उडी मारायची युक्ती, गॅस्पिंग म्हणतात ती, तुला बघून मोह होतो ना? नंतर. आधी साधा ड्रिफ्ट न धडकता करून दाखव.

(तू विचारलं होतंस, अवकाशात हवा नाही तर यानं विमानांसारखी वळतात कशी. वळत नाहीत, खरं तर. जॉर्ज लुकासने १९७७ च्या पहिल्या चित्रपटासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांची चित्रणं नमुना म्हणून कापून-जोडून घेतली होती, आणि तेव्हापासून स्टार वॉर्सच्या लढाया तशाच दिसतात. बाबांना सांग, त्यांचा फिजिक्सचा राग जरा कमी होईल.)

आणि त्या खऱ्या विमानांच्या लढाईतलीच एक गोष्ट तुला सांगायचीय, कारण तुझ्या ‘बाकीचे चौघं नुसते फिरतात’ला तीच उत्तर आहे. अमेरिकन नौदलात जॉन थॅच नावाचा अधिकारी होता. जपानचं झीरो विमान अमेरिकेच्या वाइल्डकॅटपेक्षा चपळ आहे, उंचीही लवकर गाठतं, हे त्याला १९४१ मध्ये कळलं. एकट्या वाइल्डकॅटने झीरोशी वळणावळणाची लढाई करणं म्हणजे मरण. मग तो घरी रात्री जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायचा. त्यातून त्याने काढलेली युक्ती साधी आहे. दोन विमानं थोडं अंतर ठेवून बाजूबाजूने उडतात. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघं एकमेकांच्या दिशेने वळतात. मागे लागलेला पाठलाग सोडत नाही, आणि वळता वळता आपसूक दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत थॅचने ती वापरली आणि कमी चपळ विमानांनी झीरो पाडले. आजही तिला थॅच वीव्ह म्हणतात.

आता मला सांग, तुझ्या मागे इंटरसेप्टर लागतो तेव्हा तू कुठे पळतेस? मोकळ्या जागेत, एकटी, खडकांच्या आडोशाला. तुझ्या टीममधल्या कुणाच्या तरी समोरून का नाही पळत? तुझा पाठलाग करणारा तेव्हा सरळ रेषेत येत असतो, बाजूने मारायला त्याच्याइतकं सोपं काही नसतं. त्यासाठी तुला फक्त एवढंच माहीत असावं लागतं, की आपला जोडीदार आत्ता कुठे आहे. पाचही जणांना एकत्र बांधायची स्वप्नं सोड, अनोळखी लोकांच्या टीममध्ये ते होत नाही. एक माणूस निवड आणि त्याच्या आसपास राहा. त्याने ज्याला धरलंय त्यालाच मार. दोघांनी एकाला मारणं लाजेचं काम नाहीये गं, तीच तर टीम.

फ्लॅगशिपवर जाल तेव्हा सगळे मिळून एकच भाग मारा. तू लेझर घेऊन बाहेरच्या कवचावर मारत बसलेली दिसतेस, आणि स्टार डिस्ट्रॉयर ढिम्म. त्यावर शील्ड जनरेटर असतात, टार्गेटिंग सिस्टीम असते, पॉवर सिस्टीम असते. शील्ड पाडायला आयन शस्त्रं, आणि नंतर हलका मार देणाऱ्यांनी बाजूला होऊन बॉम्बरवाल्यांना वाट करून द्यायची. बॉम्बर आत शिरत असताना इंटरसेप्टरचं काम त्याच्या मागे लागणाऱ्यांना हाकलायचं. त्या वेळी तुझा स्वतःचा आकडा शून्य राहिला तरी चालेल. जहाजाच्या अगदी अंगाला चिकटून उडालं तर त्याच्या शील्डच्या आत शिरता येतं, हे लक्षात ठेव, आणि त्याच्या कडेकपारींत धडकून मरायचं नाही हेही.

आता जरा नाजूक बोलते.

तुला व्हॉइस चॅटवर बोलायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मुलीचा आवाज ऐकला की काही जणांना अचानक खूप शिकवायचं असतं, आणि काही जणांना याहून वाईट काहीतरी बोलायचं असतं. दोघांसाठी म्यूटचं बटण आहे. उत्तर द्यायचं नाही, समजवायचं नाही, भांडायचं तर अजिबात नाही. म्यूट, रिपोर्ट आणि पुढे. यातून तू उद्धट ठरत नाहीस. आणि तू मुळीच बोलली नाहीस तरी खेळात पिंग आहे. ज्याला मारायचं त्याला पिंग केलं की टीमला दिसतं. मी कितीतरी मॅच एक शब्द न बोलता नुसत्या पिंगवर खेळते. बोललीसच तर छोटं बोल. ‘बॉम्बर येतोय, उजवीकडून.’ ‘माझं शील्ड गेलं, निघतेय.’ ‘अरे यार, हा बघ ना कसा...’ यातून कुणालाच काही कळत नाही.

याच्याशीच जोडून एक. ‘तू सपोर्ट घे ना’ असं तुला किती जण सुचवतात, मोजून बघ. यू-विंग, रीपर ही यानं जणू मुलींसाठीच बनवलीत. मला आधी याचा इतका राग यायचा की मी सपोर्टला हातच लावायचे नाही. पण राग बाजूला ठेवून सांगते, हे यान भयंकर ताकदीचं आहे. टीमला दारूगोळा पुरवतं, यानं दुरुस्त करतं, गरजेला सगळ्यांवर शील्ड टाकतं. एका चांगल्या सपोर्टमुळे दोन बॉम्बर परत न जाता पुन्हा पुन्हा मारा करू शकतात. त्यामुळे घे, पण तुला हवं तेव्हा घे, कुणी सांगितलं म्हणून नको. आणि ज्या रात्री इंटरसेप्टर उडवायची हुक्की येईल त्या रात्री खुशाल इंटरसेप्टर घे. यान बदलायची मोकळीक मॅचच्या मध्येही आहे. पडलीस की दुसरं निवडता येतं, टीमला काय कमी पडतंय ते बघून.

क्षेपणास्त्राचा बीप ऐकला की तू घाबरून लगेच काउंटरमेझर सोडतेस. थांब गं जरा. बीप जलद होत जातो. क्षेपणास्त्र जवळ आल्यावर काउंटरमेझर सोडलंस तरच उपयोग, नाहीतर ते वाया जातं आणि नवीन तयार होईपर्यंत तू उघडी.

खरेदीचं विचारलं होतंस. महागडी जॉयस्टिक आत्ता घेऊ नकोस, बाबांकडे विषयही काढू नकोस. कंट्रोलरवर उत्तम खेळणारे ढिगाने आहेत. सेटिंगमध्ये जाऊन डेड झोन कमी कर, एवढं आजच्या आज कर. पैसे खर्च करायचेच असतील तर वायफाय सोडून केबलवर ये. आपल्याकडून नेटचा पिंग, म्हणजे उशीर, तसाही जास्त येतो, म्हणून समोरचा अचूक जागी असेल अशा भरवशावर मारू नकोस, जास्त वेळ निशाण्यावर राहील असा कोन निवड.

आणि हो, कथेचा भाग तू अर्धवट टाकलायस. चौदा मोहिमा आहेत, दोन्ही बाजूंच्या. पूर्ण कर. त्यात तुला जवळजवळ प्रत्येक यान हातात मिळतं आणि मेलीस तरी कुणी ओरडत नाही. त्यानंतर एआयविरुद्धच्या फ्लीट बॅटल. रँकच्या मॅचला इतक्यात जाऊ नकोस. खेळाला आता बरीच वर्षं झाली, उरलेत ते बहुतेक मुरलेले लोक. त्यांच्यासमोर रोज सोलून निघण्यात शिकणं कमी आणि चिडणं जास्त होतं. मॅच हरल्यावर तुला अजून एक, अजून एक करत बसायची खोड आहे. सलग दोन हरलीस की उठ. पाणी पी, आईला हाक मार, काहीही कर. तिसरी मॅच तू रागाने खेळतेस आणि ती मला तुझ्या मेसेजच्या वेळेवरूनच कळते.

रेकॉर्डिंग चालू ठेवत जा. पूर्ण मॅच बघायची गरज नाही, फक्त पडायच्या आधीचं जरासं बघ. ऊर्जा कुठे होती, शील्डचा रोख कुठे होता, जोडीदार किती लांब होता. या तीनपैकी एक तरी चुकलेलं सापडेलच. मला पाठवत जा, मी जेवणाच्या सुट्टीत बघते.

परवा शनिवारी ये. रात्री साडेबाराला. तेव्हा लंडनमध्ये उन्हाळ्यातले आठ वाजलेले असतात, युरोपातली मंडळी जेवून-खाऊन बसतात आणि मॅच पटकन लागते. मी वाय-विंग बॉम्बर घेते, तू ए-विंग इंटरसेप्टर घे आणि माझ्या मागे लागणाऱ्यांना हाकल. किल झाले तर झाले. आणि दार लावून घे, मागच्या वेळी तू ‘मेले, मेले!’ ओरडलीस तेव्हा आजी उठून बसली होती.